कंपनीला लढाईचा परवाना

व्यापारी म्हणून आलेल्यांनी मुलूख कसा बळकावला, या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे: इंग्रजांचा धूर्तपणा आणि आपल्यातली दुही. दोन्ही खरं आहे. पण या उत्तरात कंपनी मात्र कुठेच दिसत नाही. ती उभी कशी राहिली, तिच्या सनदेत काय काय लिहिलं होतं, तिचा पैसा कुठून येत होता, हे पाहिलं की मुलूख बळकावणं हा तिच्या धंद्याचाच भाग कसा झाला ते कळतं. आणि ते पाहायला इंग्रजांपेक्षा डच, म्हणजे आपल्या जुन्या कागदांतले वलंदेज, जास्त सोयीचे आहेत. सुरतेच्या वखारीपासून प्लासीपर्यंत यायला इंग्रजांना दीडशे वर्षं लागली. डचांनी तेवढं काम वीस वर्षांत उरकलं, आणि पत्रांतून, हिशेबाच्या वह्यांतून स्वतःच लिहून ठेवलं.

सुरुवात गोव्यापासून करावी लागते. १५८० साली पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे गेली. स्पेनविरुद्ध डचांचं स्वातंत्र्ययुद्ध तेव्हा चालूच होतं. त्यामुळे लिस्बनला जाऊन मिरी-लवंगा घ्यायच्या आणि उत्तर युरोपात विकायच्या, हा डच व्यापाऱ्यांचा जुना धंदा दिवसेंदिवस अवघड होत गेला. थेट पूर्वेकडे जावं तर वाट ठाऊक नाही. पोर्तुगिजांनी समुद्रमार्गाची माहिती शंभर वर्षं जिवापाड जपली होती. ती फोडली यान हौखेन फान लिन्सखोटेन या डच तरुणाने. १५८३ पासून पाच-सहा वर्षं तो गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस होता. वारे कधी फिरतात, खडक कुठे आहेत, कुठल्या बंदरात पाणी मिळतं, असं पोर्तुगीज खलाश्यांच्या टिपणांतलं सगळं त्याने उतरवून घेतलं आणि मायदेशी परतल्यावर १५९५-९६ मध्ये छापून टाकलं. डचांच्या पहिल्या सफरीवर त्यातला मार्गदर्शनाचा भाग सोबत होता.

ती पहिली सफर म्हणजे १५९५ ची, कॉर्नेलिस द हौटमनची. चार जहाजं, २४९ माणसं निघाली. दोन वर्षांनी ८७ परतली. मालही फारसा आणला नाही. पण वाट आहे हे कळलं, आणि मग डच बंदरांत झुंबड उडाली. प्रत्येक गावचे व्यापारी आपापली कंपनी काढून जहाजं धाडू लागले. परिणाम व्हायचा तोच झाला. जावा बेटावरच्या बांतेनच्या बाजारात एकमेकांवर बोली चढवून त्यांनी मिरीचा भाव वाढवला, आणि घरी आल्यावर एकमेकांच्या खाली विकून तो पाडला.

डच प्रजासत्ताकाचा धुरंधर मुत्सद्दी योहान फान ओल्डनबार्नेफेल्ट याने या सगळ्यांना एका टेबलाशी बसवलं. त्याला मिरीच्या भावाची काळजी होतीच, पण डोक्यात दुसरंही गणित होतं. स्पेन-पोर्तुगालचा पैसा येतो पूर्वेकडून. तिथे जाऊन त्यांना मारायचं तर सरकारी तिजोरीत तेवढा पैसा नाही. व्यापाऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने ते युद्ध लढलं तर?

सनदेत काय होतं

२० मार्च १६०२ ला स्टेट्स जनरल या डच मध्यवर्ती सभेने नव्या एकत्रित कंपनीला सनद दिली. मुदत २१ वर्षं. केप ऑफ गुड होपच्या पूर्वेला, किंवा मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून पलीकडे, दुसऱ्या कोणत्याही डच माणसाने व्यापार करायचा नाही. इथवर हा नेहमीचा मक्ता झाला. असे मक्ते युरोपात बरेच दिले जात. वेगळं होतं ते पुढचं कलम. कंपनीने स्टेट्स जनरलच्या नावाने पूर्वेकडच्या राजांशी करार करावेत, किल्ले बांधावेत, शिपाई ठेवावेत, सुभेदार आणि न्यायाधीश नेमावेत. अधिकाऱ्यांनी आणि शिपायांनी शपथ घ्यायची ती सरकारची आणि कंपनीची, दोघांचीही.

म्हणजे राज्याला शोभणारे अधिकार एका खाजगी व्यापारी मंडळाला वापरायला दिले. शिवाय लगाम कुठून धरायचा? ॲम्स्टरडॅमहून निघालेलं जहाज जावाला पोचायला सात-आठ महिने लागत. पत्र पाठवून उत्तर यायला दीड वर्ष गेलं तरी कुणाला नवल वाटत नसे. तिकडे बसलेल्या माणसाने आधी करायचं आणि मग कळवायचं, हाच रिवाज पडला. कंपनीच्या सतरा संचालकांचं मंडळ होतं. मी त्यांना सतरा धनी म्हणतो. त्यांची कितीतरी पत्रं पूर्वेत पोचेपर्यंत शिळी झालेली असत.

पैसा अडकवून ठेवण्याची युक्ती

सनदेइतकंच महत्त्वाचं होतं भांडवल. १६०२ च्या ऑगस्टमध्ये ॲम्स्टरडॅमला डिर्क फान ओस या व्यापाऱ्याच्या राहत्या घरी वही उघडून ठेवली. ज्याला पैसे घालायचे त्याने यावं आणि आकडा लिहावा. एकट्या ॲम्स्टरडॅममध्ये अकराशेहून जास्त लोकांनी नावं नोंदवली. शेवटच्या दिवशी फान ओसच्या मोलकरणीनेही शंभर गिल्डर लावले. नील्टखेन कॉर्नेलिस हे तिचं नाव त्या वहीत आजही वाचता येतं. सहा शहरांचे मिळून सुमारे ६४ लाख गिल्डर गोळा झाले. इंग्रजांची कंपनी दोनच वर्षं आधी ६८ हजार पौंडांवर निघाली होती. डचांचं भांडवल तिच्या जवळजवळ दहापट होतं.

पण रकमेपेक्षा ती किती काळ अडकून राहणार, हे महत्त्वाचं. इंग्रज एकेका सफरीपुरते पैसे गोळा करत. जहाजं आली, माल विकला, वाटणी झाली, खातं बंद. आपल्याकडे आंब्याची बाग एका हंगामासाठी घेणारा माणूस जसा बागेत विहीर खोदत नाही की कुंपणाचा गडगा बांधत नाही, तसंच हे. हंगामापुरता पैसा किल्ल्यात कोण घालेल? डच सनदेत दहा वर्षांनी हिशेब करून पैसे परत मागायची मुभा होती. १६१२ साल जवळ आलं तेव्हा कंपनीने सरकारकडून तीही रद्द करून घेतली. ज्याला पैसे हवेत त्याने आपला भाग दुसऱ्याला विकावा, कंपनीच्या खातेवहीत संचालकांसमोर नाव बदलून घ्यावं. कंपनीच्या पेटीतून काही निघणार नाही. शेअर बाजार म्हणून आपण जे ओळखतो ते या सोयीतून उभं राहिलं. आणि लगोलग त्यातली कारस्थानंही आली. कंपनीत पूर्वी संचालक असलेल्या इझाक ल मेरने १६०९ मध्ये गुपचूप टोळी करून, हातात नसलेले शेअर विकत भाव पाडायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी सरकारला असली विक्री बंद करायचा हुकूम काढावा लागला.

भागधारकही वैतागलेले होते. आठ वर्षं त्यांना छदाम मिळाला नव्हता. १६१० मध्ये पहिला लाभांश आला तो जायपत्रीच्या रूपात. गोदामात जायपत्री तुंबली होती, ती कंपनीने भागधारकांच्या पदरात घातली आणि वर तिचा भावही स्वतःच ठरवला.

आता कंपनीकडे तोफा ठेवायचा परवाना होता आणि परत न मागता येणारा पैसा होता. त्यातून काय होतं याची चुणूक आधीच दिसली होती. १६०३ च्या फेब्रुवारीत, कंपनीत विलीन झालेल्या एका जुन्या कंपनीच्या ताफ्याने सिंगापूरजवळ सांता कातारीना हे पोर्तुगीज जहाज पकडलं. त्यातलं चिनी रेशीम आणि चिनी मातीची भांडी ॲम्स्टरडॅमला लिलावात ३३ लाख गिल्डरांच्या वर गेली. कंपनीच्या साऱ्या भांडवलाच्या निम्म्याहून जास्त रक्कम एका जहाजातून! हे चाचेगिरीत कसं बसत नाही ते सांगायला ह्यूगो ग्रोशियस या तरुण वकिलाला लेखणी उचलायला लावली. समुद्र कुणाच्या बापाचा नाही, सगळ्यांना मोकळा आहे, असा त्याचा सिद्धान्त. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासात तो आजही शिकवतात. दहाच वर्षांनी हाच ग्रोशियस लंडनला गेला आणि मसाल्याच्या बेटांवर इंग्रजांनी का येऊ नये, ते इंग्रजांना समजावू लागला. समुद्र मोकळा, पण बेटांनी आमच्याशी करार केलेत ना!

बांदा

इंडोनेशियाच्या पूर्व टोकाला बांदा नावाची दहा-अकरा चिमुकली बेटं आहेत. आज आपल्या कोकणात नारळी-पोफळीच्या सावलीत जायफळाचं आंतरपीक घेतात, पण सतराव्या शतकात जायफळ नि जायपत्री जगात फक्त या बेटांवर पिकत होती. तिथे राजा नव्हता. ओरांग काया म्हणजे गावोगावचे मातबर मिळून निर्णय घेत. जावा, मलाया, गुजरात, अरबस्तान, सगळीकडचे व्यापारी येत. तांदूळ आणि कापड देत, जायफळ नेत.

डचांनी इथे करार केले: जायफळ फक्त आम्हालाच विकायचं. काही ओरांग कायांनी त्यावर निशाणी केली, काहींनी नाही. जे करार झाले ते बांदावाल्यांना न वाचता येणाऱ्या भाषेत होते. आणि डच बदल्यात आणत काय, तर लोकरीचं कापड आणि मखमल, तेही विषुववृत्ताजवळ! तांदूळ पुरेसा आणत नसत. साहजिकच लोक पूर्वीसारखं जावावाल्यांना, इंग्रजांना विकत राहिले. डचांच्या वहीत मात्र त्याची नोंद करारभंग म्हणून झाली. १६०९ मध्ये दडपण आणायला आलेला डच सेनानी फेरहूफन बोलणी करायला किनाऱ्यावर उतरला, तेव्हा बांदावाल्यांनी दबा धरून त्याला मारलं. त्याच्या ताफ्याबरोबर यान पीटरसून कून नावाचा एक तरुण हिशेबनीस पूर्वेकडे आला होता.

कूनने रोममध्ये जमाखर्च शिकलेला होता, आणि त्याचं डोकं तसंच चाले. १६१४ मध्ये त्याने सतरा धन्यांना लिहिलं, त्याचा मथितार्थ असा: लढाईशिवाय व्यापार टिकणार नाही, आणि व्यापाराशिवाय लढाई चालणार नाही. हे वाक्य अनेकजण फुशारकी म्हणून उद्धृत करतात. मला ते हिशेबनिसाचं वाक्य वाटतं. मसाल्याचा नफा मालात नव्हता, तो दुसऱ्याला माल न मिळण्यात होता. दुसऱ्याला मिळू द्यायचा नाही तर पहारा हवा, पहाऱ्याला किल्ला हवा, किल्ल्याचा खर्च भागवायला भाव चढा हवा, आणि भाव चढा ठेवायला आणखी पहारा. या चक्राला मध्येच थांबायची जागा नाही.

१६१९ मध्ये गव्हर्नर जनरल झालेल्या कूनने जायाकार्ता जाळून तिथे बटाविया, म्हणजे आजचं जकार्ता, वसवलं. १६२१ मध्ये तो तेरा मोठी जहाजं, दीड हजारांवर सैनिक आणि पगारी जपानी योद्धे घेऊन बांदाच्या लोन्तोर बेटावर उतरला. बेट पडलं. मग कटाचा आरोप ठेवून ओरांग कायांना पकडलं, छळ करून कबुल्या घेतल्या, आणि ८ मे रोजी नैरा बेटावरच्या नासाउ किल्ल्याजवळ ४४ जणांना जपानी शिपायांच्या तलवारींनी मारलं. बांदाची वस्ती सुमारे पंधरा हजार होती असा अंदाज आहे. काही महिन्यांत तिथे हजारभर उरले असतील-नसतील. कित्येक डोंगरात उपासमारीने मेले, शेकडो गुलाम म्हणून बटावियाला नेले, काही होड्यांतून केई बेटांकडे पळाले. तिथल्या बांदा एली या गावात त्यांचे वंशज अजून बांदाची मूळ भाषा बोलतात. खुद्द बांदावर ती भाषा राहिली नाही.

रिकाम्या बेटांचे ६८ तुकडे पाडले. एकेक तुकडा कंपनीच्या जुन्या नोकरांना, त्यांच्यासारख्याच गोऱ्या वसाहतवाल्यांना दिला. त्यांनी जायफळ कंपनीलाच, कंपनी ठरवील त्या भावाने द्यायचं; बदल्यात राबायला गुलाम कंपनी पुरवील. सतरा धन्यांना ही बातमी कळली तेव्हा त्यांनी थोडं सौम्य वागता आलं असतं असं कळवलं, आणि कूनला बक्षीसही दिलं. होर्न या त्याच्या गावी १८९३ पासून त्याचा पुतळा आहे; तो असावा की नसावा यावर तिथे अजून वाद चालतो.

वसाहत कशी जन्मते हे यातून नीट दिसतं. बांदाची जमीन ताब्यात असावी असं कंपनीच्या मूळ हेतूत कुठेच नव्हतं. तिला हवा होता भाव.

गळती बुजवत बुजवत

त्यानंतरची पन्नास वर्षं म्हणजे गळती बुजवण्याची कहाणी. लवंगेची झाडं मालुकूच्या अनेक बेटांवर होती. एवढ्या ठिकाणी पहारा परवडेना. म्हणून १६५२ मध्ये तेर्नातेच्या सुलतानाला वार्षिक रक्कम बांधून दिली आणि त्याच्या मुलखातली लवंगेची झाडं तोडायची मुभा घेतली. लवंग राहील ती फक्त अंबोनच्या आसपास. दरवर्षी मोठमोठ्या वल्हवायच्या होड्यांचा ताफा निघे आणि कुठे चोरून झाड लावलंय का ते शोधून तोडत फिरे. वल्ही मारायला स्थानिक लोकांनाच वेठीला धरत.

मलाक्का १६४१ मध्ये पोर्तुगिजांकडून घेतलं, कारण सामुद्रधुनीतून माल निसटत होता. दालचिनीसाठी सिलोन, तेही १६५८ पर्यंत. मिरीसाठी कोचीन, १६६३. चोरटी लवंग इंग्रज आणि गुजराती मकास्सारला विकत घेत, म्हणून मकास्सार, १६६९. जहाजांना वाटेत भाजी-पाणी मिळावं म्हणून १६५२ मध्ये केपला मळा केला; त्या मळ्यापासून दक्षिण आफ्रिकेतली गोऱ्यांची वसाहत वाढली. बांदातलं रुन हे एवढंसं बेट इंग्रज सोडायला तयार नव्हते. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात त्यांनी त्यावरचा हक्क सोडला आणि डचांनी मॅनहॅटनवरचा.

यात आपला किनारा कुठे येतो? मसाल्याच्या बेटांवर युरोपचा माल कुणाला नको होता; हवं होतं ते हिंदुस्थानी सुती कापड. म्हणून डचांना मछलीपट्टण, पुलिकत आणि १६१६ पासून सुरत इथे वखारी घालाव्या लागल्या. गुजरातचं कापड देऊन सुमात्राची मिरी घ्यायची, जपानची चांदी आणून कापड विकत घ्यायचं, म्हणजे हॉलंडमधून रोकडा पाठवायला नको, असा कूनचा आराखडा होता. १६३७ मध्ये आदिलशाहीच्या परवानगीने वेंगुर्ल्याला वखार झाली तिचं कारण मात्र वेगळं. आदल्या वर्षापासून डच आरमार दरसाल गोव्याची नाकेबंदी करू लागलं होतं, आणि त्या जहाजांना जवळच तांदूळ, पाणी आणि बातम्या पुरवणारी जागा पाहिजे होती. त्या वखारीची पडकी इमारत वेंगुर्ल्यात अजून उभी आहे.

गुलामही याच किनाऱ्यांवरून जात. दुष्काळ पडला की कोरोमंडलवर माणसं स्वस्त होत आणि कंपनी ती भरून बटाविया, सिलोनकडे नेई. १६७७ मध्ये कर्नाटक स्वारीवर असताना शिवाजी महाराजांनी डचांना जो कौल दिला त्यात बजावलं की आदिलशाही अमलात तुम्हाला स्त्री-पुरुष गुलाम विकत घेऊन नेण्याची मोकळीक होती. माझा अंमल आहे तोवर ते चालणार नाही. हा कौल डचांच्या दप्तरात टिकून राहिला.

कंपनी ही काय चीज आहे हे ओळखणारी दृष्टी आपल्याकडे नव्हती असं जे सरसकट म्हटलं जातं, ते मला पटत नाही. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासिस आणि डिंगमार अशी टोपीकरांची यादीच दिली आहे. डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे. हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्या पाठीशी राज्यं आहेत, आणि राज्य करणाऱ्याला जागेचा लोभ नसेल हे कसं शक्य आहे, असं ते विचारतात. म्हणून यांना समुद्रकिनाऱ्यावर जागा देऊ नये. द्यायचीच तर आत द्यावी, आणि पक्क्या इमारती बांधू देऊ नयेत. विहीर आणि गडगा नेमका कुठे धोक्याचा, ते पंतांना कळलं होतं.

इंग्रजांनी हा डच धडा पुरता गिरवला. १६५७ मध्ये त्यांचं भांडवल कायमचं झालं, १६६१ च्या सनदेने त्यांना बिगरख्रिस्ती राज्यकर्त्यांशी युद्ध आणि तह करायचा अधिकार दिला, आणि १६६८ मध्ये त्यांच्या राजाने मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली.

डच कंपनीचं पुढे काय झालं? जी पहाऱ्यावर उभी राहिली ती पहाऱ्याखालीच वाकली. किल्ले, शिबंदी, जहाजं यांचा खर्च वाढत गेला. नोकरांना पगार तुटपुंजा, म्हणून जो तो कंपनीच्याच जहाजातून स्वतःचा माल नेऊ लागला. बटावियाच्या वह्या आणि हॉलंडच्या वह्या वेगळ्या. दोन्ही जुळवून कोणत्या धंद्यात किती फायदा आहे हे सतरा धन्यांना कधीच नीट कळलं नाही. तरी लाभांश दिला जात राहिला, पुष्कळदा कर्ज काढून. १७७० च्या सुमारास फ्रेंचांनी जायफळ-लवंगेची रोपं चोरून मॉरिशसला लावली. १७८० ते १७८४ च्या इंग्रजांबरोबरच्या युद्धात जहाजं गेली आणि पत गेली. १७९६ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली, आणि १७९९ च्या ३१ डिसेंबरला सनद संपली. दोन शतकांत जवळपास दहा लाख माणसं तिच्या जहाजांतून पूर्वेला गेली होती. परतली त्यांच्या निम्म्याहूनही कमी.

मागे उरलं दहा कोटी गिल्डरांहून जास्त कर्ज. सरकारने ते आपल्या नावावर घेतलं, आणि त्याबरोबर कंपनीचे किल्ले, करार आणि मुलूखही. १८३० पासून जावाच्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या पाचव्या हिश्श्यात सरकार सांगेल ते ऊस, नीळ, कॉफी असं पीक काढायचं, असा नियम झाला. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हिस्सा याहून मोठा घेतला गेला. त्या पैशातून हॉलंडचं सरकारी कर्ज फिटत गेलं.